शुभा वणीकरांचा बाउमश्टायगर

लोबेडा म्हणजे येना शहराचं दक्षिण टोक. पूर्व जर्मनीच्या काळात बांधलेल्या उंच इमारती तिथे ओळीने उभ्या आहेत, सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या. नवा पाहुणा हमखास चुकीच्या दारावरची बेल दाबतो. त्यांतल्याच एकीत, सातव्या मजल्यावर, शुभा वणीकर राहते. नवऱ्याबरोबर, श्रीरंगबरोबर, ती इथे आली तेव्हा मुलगा देवदत्त जेमतेम चालायला लागला होता. आज तो रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि त्याच्याही कपाळावरचे केस मागे सरकायला लागलेत. श्रीरंग भिंगांच्या कंपनीतून नुकताच निवृत्त झाला. घर मात्र तेच राहिलं. अधूनमधून श्रीरंग म्हणतो, "आता बदलूया का जागा?" आणि शुभा म्हणते, "अहो, खिडकीतून डोंगर दिसतोय तोवर नको."

दार उघडून आत आलं की फ्लूरमध्ये, म्हणजे चपला-कोट ठेवायच्या त्या अरुंद बोळात, एक चित्र लावलेलं आहे. काळपट, भेगाळलेल्या खोडावर चढणारा एक तपकिरी पक्षी. साळुंकीपेक्षा मोठा. चोच लांब आणि विळ्यासारखी वाकडी, गालावर पांढरट पट्टा, थेट मिशीसारखा. येणारे-जाणारे विचारतात, "सुतारपक्षी का हो?" शुभा म्हणते, "नाही, त्याच्यासारखाच एक," आणि चहा टाकायला आत जाते. सगळं सांगत बसायचं तर चहा उकळून आटून जाईल, असं तिला वाटतं.

गेल्या संक्रांतीला तिने येनातल्या चार मराठी विद्यार्थ्यांना तिळगुळाला बोलावलं होतं. त्यांत एक मुलगी नवीन होती. ईप्सिता सावळे, नाशिकची. इथल्या एका संस्थेत पीएचडी करायला आलेली. एक बूट काढायला ती वाकली, तिची नजर वर गेली, आणि दुसरा बूट पायात तसाच ठेवून ती उभी राहिली.

"काकू, हे पोस्टर तुमच्याकडे कसं?"

"पोस्टर नाही गं ते. मूळ चित्र आहे. मीच काढलंय, फार वर्षं झाली."

ईप्सिता एका बुटावरच चित्राजवळ गेली. मग म्हणाली, "काकू, हा पक्षी आमच्या कॅम्पच्या स्वयंपाकघरात आहे. ब्राझीलमध्ये. फ्रिजच्या वर. मी सहा आठवडे रोज ह्याच्याकडे बघत भात खाल्लाय."

त्या दिवशी चहा खरोखरच आटला.

*

शुभाचं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याकडचं. वडील ती लहान असतानाच गेले. आई गावच्या उपकेंद्रात नर्स होती. शाळेला सुट्टी असली की पोरीला कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न, म्हणून आई तिला बरोबरच घेऊन निघायची. खांद्याला लशींचा डबा, हातात छत्री आणि कोलामांच्या पोडापर्यंत, म्हणजे आदिवासी पाड्यापर्यंत, रानातली पायवाट. चैत्र-वैशाखात त्या रानात पान म्हणून राहायचं नाही. सागाचा पाचोळा पायाखाली असा करकरायचा की बोललेलं ऐकू यायचं नाही. दमलं की दोघी एखाद्या ऐनाच्या बुंध्याला टेकून बसायच्या. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी असते, चौकोनी खवल्यांची. शुभा त्या खवल्यांवरून बोट फिरवत बसायची.

असंच एकदा टेकलेल्या असताना आईने तिचा दंड घट्ट धरला आणि कानाशी म्हणाली, "हालू नको. पाह्य, साल चालाले लागली."

खरोखरच समोरच्या झाडावर सालीचा एक तुकडा वर सरकत होता. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा बारका पक्षी होता तो. टुणटुण करत वर चढला, खोडाला वळसा घालून पलीकडे गेला आणि पुन्हा दिसलाच नाही. त्याचं नाव आईला माहीत नव्हतं. पोडावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, तर त्याने कोलामीत काहीतरी सांगितलं, ते दोघींच्याही लक्षात राहिलं नाही. शुभाने घरी आल्याबरोबर तो पाटीवर काढला, आणि आईने ती पाटी पुढचे कितीतरी दिवस पुसू दिली नाही. पाढे कशावर लिहायचे म्हणून मग दुसरी पाटी आणावी लागली.

पुढे शुभा नागपूरला चित्रकला शिकली. एका जाहिरात कंपनीत साबणाच्या वड्या आणि मसाल्यांचे डबे रंगवले. लग्न झालं, थोडे दिवस पुणं झालं, आणि मग श्रीरंगला येनाची नोकरी लागली. इथे आल्यावर तिने पदवीच्या आनेरकेनुंगसाठी, म्हणजे तिकडची पदवी इकडे चालेल असा शिक्का मिळावा म्हणून, ऑफिसांच्या खेपा घातल्या. प्रत्येक वेळी आणखी एक कागद कमी पडायचा. शेवटी तिने तो नाद सोडला.

काम मिळालं ते भलत्याच ठिकाणी. देवदत्तच्या किंडरगार्टनमध्ये उन्हाळ्याचा मेळावा होता. प्रत्येक आईने काहीतरी करून आणायचं. बाकीच्यांनी केक आणले. शुभाला तेव्हा केक येत नव्हता. तिने घरातल्या जुन्या पांढऱ्या चादरीवर झाडं आणि पाखरं रंगवली आणि ती चादर अंगणातल्या दोरीवर टांगली. मुलं तिच्यामागे लपाछपी खेळत होती, आणि एक उंच, शिडशिडीत बाई मुलांच्या मध्येच उभी राहून चादर न्याहाळत होती. फ्राऊ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई. तिचा मुलगा देवदत्तच्याच वर्गात होता आणि ती स्वतः जवळच्या एका गावातल्या जुन्या निसर्ग-संग्रहालयात पक्ष्यांचा विभाग सांभाळायची.

"हं, फ्राऊ वणीकर," ती म्हणाली, "तुम्ही मेलेले पक्षी काढाल का?"

शुभाचं जर्मन तेव्हा कच्चं होतं. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं. "मेलेले?"

"मेलेलेच. पण जिवंत दिसायला हवेत."

*

संग्रहालयाच्या त्या खोलीत छतापर्यंत कपाटं होती आणि प्रत्येक कपाटात उथळ खण. फ्राऊ लिंडनरने एक खण ओढला तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास आला. शुभाला आईची साड्यांची पेटी आठवली. खणात पक्षी उताणे निजवलेले होते, पोटात कापूस भरलेले, पाय एकत्र बांधलेले, पायाला चिठ्ठी. डोळ्यांच्या जागी कापसाचे पांढरे बोळे. त्यांतला एक फ्राऊ लिंडनरने दोन्ही हातांनी उचलला आणि शुभासमोर कापडावर ठेवला.

"हा बाउमश्टायगर. झाडावर चढणारा. ह्यांच्या बऱ्याच जाती आहेत, सगळ्या तिकडच्या, दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या. हा मिशीवाला. फक्त ब्राझीलमध्ये सापडतो, ईशान्येच्या कोरड्या रानांत."

"मग तिथे काढून घ्यायचं ना चित्र?"

"तिथल्या संस्थेकडे चित्रकार नाही आणि आमच्याकडे हे जुने नमुने आहेत. दोघं मिळून पोस्टर करतोय. तिथल्या गावांमध्ये लावायला. रान तुटतंय तिकडे, कोळशासाठी, शेतीसाठी, गुरांसाठी. मोठी झाडं गेली की हा जातो. नष्ट होऊ शकणाऱ्या जातींच्या लाल यादीत ह्याच्या नावापुढे 'गेफेर्डेट' लिहिलंय. धोक्यात."

"म्हणजे संपत आलाय?"

"अजून नाही. पण त्या जिन्यावर आहे. ह्याच्या खाली आणखी दोन पायऱ्या, आणि मग काही नाही." फ्राऊ लिंडनरने खण आत लोटला. "ते रान कसं असतं, हे सांगणं कठीण आहे. पाऊस संपला की सगळी पानं गळतात. नुसत्या पांढुरक्या फांद्या उरतात. मेल्यासारखं दिसतं, पण मेलेलं नसतं. तुम्हाला कल्पना येणार नाही."

"येते," शुभा म्हणाली. "मी तशाच रानातली आहे."

पहिलं चित्र तिने झपाट्याने काढलं. फ्राऊ लिंडनरने ते खिडकीपाशी नेलं, लांब धरलं, जवळ धरलं. "पिसं सुरेख आहेत. पण हा पडेल."

"पडेल?"

"शेपटीला हात लावून बघा."

शुभाने बोट लावलं. पिसांची टोकं काट्यासारखी टोचली. ह्या पक्ष्याची शेपटी म्हणजे त्याची काठी होती. ती खोडाला रोवून तो तिच्यावर भार टाकतो. शुभाने काढला होता तो आईबरोबर पाहिलेल्या पाखरासारखा, आणि त्या पाखराला शेपटीचा आधार लागत नव्हता. हात आठवणीतलं काढून मोकळा झाला होता.

मग ती जिवंत काही शोधायला लागली. येनात, नदीकाठी, पाराडीस नावाचं मोठं उद्यान आहे. तिथल्या जुन्या लिंडन झाडांवर एक इवलासा पक्षी असतो, बाउमलॉयफर. बोटभर, उंदराच्या रंगाचा, खोडाच्या बुडापासून गोल गोल चढत जाणारा. फ्राऊ लिंडनरने सांगितलं, हा त्या ब्राझीलवाल्याचा नातलग नाही, पण शेपटी तशीच वापरतो. तो अख्खा हिवाळा शुभा देवदत्तला किंडरगार्टनला सोडून पाराडीसमध्ये जायची. हातमोज्याची दोन बोटं कापून टाकली होती, पेन्सिल धरता यावी म्हणून. पक्षी वर चढायचा, शुभा खालून मान वर करून बघायची. तो उडून शेजारच्या झाडाच्या बुडाशी यायचा, शुभा तिकडे. कुत्रं फिरवायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला वाटलं, ही बिचारी कुणाची तरी वाट बघतेय आणि तो काही येत नाहीये. तिने एक दिवस शुभाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "जाऊ दे, मुली. घरी जा." शुभाला खरं काय ते सांगण्याइतके शब्द सापडेनात. ती आभाराचं "डांके" म्हणाली आणि त्या दिवशी खरंच घरी गेली.

अशी शेपटी जमली. अंग संग्रहालयातलं. डोळ्यांचा रंग चिठ्ठीवर लिहिलेला होता, तपकिरी. पण डोळ्यातली नजर कुठून आणायची? ती तिने ऐनाखालच्या त्या दुपारची आणली.

राहिलं खोड. तिकडच्या झाडाचा धड फोटो कुणाजवळ नव्हता. फ्राऊ लिंडनर म्हणाली, "खोड कुठलंही चालेल. लोकांनी पक्षी बघायचाय." आणि कुठलंही चालेल म्हटल्यावर शुभाच्या हातून एकच खोड उतरत होतं. तिने सुसरीच्या पाठीचे खवले एकेक करून रंगवले. त्या कामात ती इतकी रमली की देवदत्तला आणायला उशीर झाला आणि किंडरगार्टनच्या बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

छापलेल्या पोस्टरची एक प्रत तिने आईला पाठवली. महिनाभराने आईशी फोनवर बोलणं झालं. लाइनमध्ये खरखर होती, आपलाच आवाज परत ऐकू यायचा.

"मिळालं का गं चित्र?" शुभाने विचारलं.

"मियालं. भितीले लावलं. पाखरू काही ओयखू नाही येत मले." मग आई म्हणाली, "पण झाड आपलंच हाये ना वं?"

शुभाने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. "हो," एवढंच ती म्हणाली. पलीकडून आईचं हसू आलं, आणि त्याच्यामागून तिचंच "हो" पुन्हा तिला ऐकू आलं.

त्यानंतर फार वर्षं आई राहिली नाही. शुभा पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. खोलीत खाट उभी करून ठेवली होती आणि समोरच्या भिंतीवर ते पोस्टर होतं, उन्हाने निळसर पडलेलं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, "येईल त्याले दाखवे. पोरीनं जर्मनीत आपलं ऐन लावलं म्हणे." शुभाने पोस्टर काढून आणलं नाही. तिथेच राहू दिलं.

*

कामं पुढे येत राहिली. बदकं आली, घुबडं आली, एका वर्षी नुसती अंडीच अंडी. लोबेडाच्या त्या स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल दुपारी शुभाचं असायचं आणि देवदत्त मित्रांना बजावायचा, "टेबलावर काही ठेवू नका, तिथे पक्षी आहे." ते दिवस तिला आता आठवतात ते वासाने: ओल्या रंगाचा वास, कुकरचा वास, आणि खिडकी उघडली की खालच्या ओल्या गवताचा. नंतर कॅमेरे फार चांगले झाले. संग्रहालयाकडून येणारे फोन विरळ झाले आणि मग थांबलेच. फ्राऊ लिंडनर निवृत्त होऊन उत्तरेला समुद्राकाठी मुलाकडे राहायला गेली. आणि साठी उलटल्यावर शुभाचा उजवा हात कापायला लागला. घाबरण्यासारखं नाही, वयाने होतं, असं डॉक्टर म्हणाले. पण कप बशीत ठेवताना वाजायला लागला. एक दिवस तिने ब्रश, रंग, कागद, सगळं खोक्यांत भरलं आणि खाली केलरमध्ये, तळघरातल्या आपल्या वाट्याच्या कोठडीत, सायकलींच्या मागे नेऊन ठेवलं. श्रीरंग खोकी उचलायला बरोबर गेला.

तर संक्रांतीच्या त्या दिवशी बाकीची मुलं गेली आणि ईप्सिता राहिली. तिचं काम आवाजांचं होतं. ब्राझीलच्या कोरड्या रानांत झाडांना छोटी यंत्रं बांधायची, ती रात्रंदिवस ऐकत राहतात, आणि मग इथे बसून त्या आवाजांतून कुठला पक्षी कुठे उरलाय ते शोधायचं.

"काकू, तुम्हाला एक विचारू? ते झाड कुठलं आहे?"

"का गं?"

"अहो, गावातले लोक पक्षी बरोबर ओळखतात. पोस्टर दाखवलं की लगेच म्हणतात, हा, अरापासू, अमक्या ओढ्याकाठी असतो. पण झाड कुणालाच ओळखता येत नाही. तिकडची झाडं पांढुरकी. शाळेतल्या पोरांनी नाव ठेवलंय, मगरीचं झाड. एका आजोबांनी तर मला सांगितलं, जर्मनीत जातेस ना, तर विचारून ये."

शुभा हसायला लागली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. श्रीरंगने आतून डोकावून बघितलं आणि पुन्हा आत गेला. "ऐन म्हणतात त्याला," ती म्हणाली. "यवतमाळ जिल्हा. सांग त्यांना." आणि मग तिने ईप्सिताला आईची, पोडाची, फोनची, सगळी हकिगत सांगितली. इतकी वर्षं ती कुणाला सांगितलेली नव्हती, कारण कुणी झाडाबद्दल विचारलंच नव्हतं.

निघताना ईप्सिताने मोबाइल काढला. "ह्याचा आवाज ऐकलाय तुम्ही?"

"कुठून ऐकणार? माझ्याकडे आला तो मेलेला."

ईप्सिताने बटण दाबलं. आधी नुसती रानाची सरसर. मग एक शीळ, मोठी, भरदार, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी, थोडी खालची, मग आणखी खालची. कुणी उंचावरून एकेक पायरी खाली उतरत यावं तशी. त्या आवाजाला कसलीही घाई नव्हती. फ्लूरमध्ये, बुटांच्या रांगेत, शुभा भिंतीला टेकून ऐकत होती, आणि समोर तिने काढलेला पक्षी चोच मिटून बसला होता.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

ईप्सिताने पुन्हा लावला. मग पुन्हा.

*

जुलैत ईप्सिता परत तिकडे गेली. एका शनिवारी शुभा बेकरायसमोर पावाच्या रांगेत उभी होती, तेवढ्यात मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. इकडे अकराचा सुमार होता, तिकडे नुकतं उजाडलेलं. ईप्सिताचा चेहरा दिसला, टोपी, विस्कटलेले केस, ओठांवर बोट.

"काकू, बोलू नका. टेकडीवर आलेय, इथेच रेंज मिळते. बघा."

चित्र हललं, फांद्या, आकाश, पुन्हा फांद्या. मग एक खोड आणि त्यावर तो. शुभा रांग सोडून भिंतीपाशी गेली आणि मोबाइलवर हाताची सावली धरली.

पक्षी शेपटी रोवून उभा होता, तेवढं बरोबर होतं. बाकी काहीच तिच्या चित्रासारखं नव्हतं. तिने त्याला शांत, विचारात पडल्यासारखा काढला होता. हा तर घर धुंडाळणाऱ्या चोरासारखा खोडाची झाडाझडती घेत होता. वाकडी चोच सालीखाली घुसवायची आणि अख्खा पापुद्रा उपटून मागे भिरकवायचा. एक तुकडा खाली आला तो ईप्सिताच्या टोपीवर. तिने "आई गं" म्हटलं, चित्र गदगदलं. पक्ष्याने मान वळवून खाली पाहिलं, त्याला काही विशेष वाटलं नाही, आणि तो पुढची साल उपटायला लागला.

"अगं, हा तर दांडगट आहे!" शुभा ओरडलीच. "मी ह्याला साधुपुरुष करून ठेवलाय!"

रांगेतले लोक वळून बघायला लागले. तिला त्याचं काही वाटलं नाही. पक्षी दिसेनासा झाला, रेंजही गेली. शुभा पाव न घेताच घरी आली आणि श्रीरंगला दारातूनच म्हणाली, "अहो, केलरची किल्ली कुठे आहे?"

ईप्सिता परतली ती एक निरोप घेऊनच. तिथल्या संस्थेला नवं पोस्टर हवं होतं. फोटो पुष्कळ होते, पण फोटोत कधी चोच पानाआड, कधी मिशी सावलीत. गावातल्या लोकांना चित्रच आवडायचं. "त्यांनी तुमचं नाव घेऊन विचारलंय, काकू."

शुभाने नुसता उजवा हात पुढे धरला. हात कापत होता.

"अहो, तुम्ही तरी सांगा हिला," ती श्रीरंगला म्हणाली.

श्रीरंगने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तूच म्हणालीस ना, तो दांडगट आहे म्हणून? मग त्याला काढायला इतका शहाणा हात कशाला हवा?"

पण दुसऱ्या दिवशी तो बाउमार्क्टमधून, म्हणजे बांधकाम-सामानाच्या दुकानातून, लाकडाच्या पट्ट्या घेऊन आला आणि बाल्कनीत बसून त्याने मनगटाला टेकू द्यायला एक छोटी घोडी बनवली. टेबलाला बसेल अशी, कडा घासून गुळगुळीत केलेली. जन्मभर त्याने भिंगं अचूक बसवायच्या बैठका बनवल्या होत्या, ही त्याच हातची होती. शुभाने ती चार दिवस मनापासून वापरली. बारीक रेघ तरीही डगमगतच होती. पाचव्या दिवशी तिने घोडी बाजूला सारली, भिंतीवर मोठा कागद चिकटवला, जाड ब्रश घेतला आणि उभं राहून, खांद्यापासून हात फिरवला. मनगट कापत होतं, खांदा कापत नव्हता. घोडीवर श्रीरंग आपला चहाचा कप ठेवायला लागला आणि ती सोय त्याला फार पसंत पडली.

गावच्या पोरांनी सांगून पाठवलं होतं की मगरीचं झाड ठेवा. शुभाने दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाली. "त्यांना म्हणावं, ते झाड जुन्या पोस्टरवर आहेच. ह्या वेळी त्याला त्याचं झाड मिळू दे." ईप्सिताकडून तिने तिथल्या खोडांचे फोटो मागवले, सालीचा एक वाळका तुकडा पाकिटातून मागवता येईल का असंही विचारलं. ते नियमात बसत नव्हतं. मग तिने ईप्सितालाच समोर बसवलं. साल हाताला कशी लागते, ओली असताना कशी, उन्हात कशी, उपटली की आतून कुठला रंग निघतो, असं तासभर विचारून घेतलं. ईप्सिता दमली. म्हणाली, "काकू, माझ्या गाईडनेसुद्धा मला इतकं पिळलं नाही."

चित्र पुरं झालं तेव्हा पानगळ संपत आली होती. पांढुरकं खोड, त्यावर शेपटी रोवून उभा तो मिशीवाला, आणि त्याच्या डोक्याभोवती उडणारे सालीचे कपटे. पिसं आधीच्या चित्राइतकी रेखीव नव्हती. काही ठिकाणी ब्रश थरथरला होता, तो तसाच दिसत होता, आणि त्या थरथरीमुळेच कपटे हवेत उडताहेत असं वाटत होतं. शुभाने त्याचा फोटो फ्राऊ लिंडनरला पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: "आता नाही पडणार."

पोस्टर ब्राझीलला गेलं. ईप्सिताच्या यंत्रांत एका ओढ्याकाठच्या रानातून तो आवाज मिळाला, जिथे तो आता नसेल असंच सगळ्यांनी धरलं होतं. ती बातमी सांगायला ती लोबेडापर्यंत ट्रामने आली, फोन करायचं तिला सुचलंच नाही.

"मग आता यादीत वर सरकेल का तो?" शुभाने विचारलं.

"नाही काकू. एका ओढ्याने काय होतंय? गेफेर्डेटच राहील. पण खाली घसरला नाही तर तेही पुष्कळ."

"राहू दे मग त्याच पायरीवर," शुभा म्हणाली. "शेपटी रोवून."

नव्या चित्राचं मूळ देवदत्तने मागून नेलं. रेगेन्सबर्गच्या त्याच्या घरी ते टांगलं आहे, आणि त्याची धाकटी, अन्वी, पाहुण्यांना जर्मनमध्ये सांगते की हा पक्षी आमच्या ओमाला, म्हणजे आजीला, फोनवर भेटला. फ्लूरमध्ये जुनंच आहे. ऐनाचं.

मागच्या आठवड्यात ईप्सिताबरोबर तिच्या संस्थेतला एक ब्राझिलियन मुलगा आला होता. त्यालाही एक चित्र हवं होतं, दाट झुडपांत राहणाऱ्या कुठल्याशा चिमुकल्या पक्ष्याचं. लाल यादीत तो मिशीवाल्याच्याही खालच्या पायरीवर. मुलाने फोटो उघडून लॅपटॉप शुभासमोर सरकवला.

"फोटो राहू दे," ती म्हणाली. "आधी आवाज ऐकव." मग स्वयंपाकघराकडे मान वळवून तिने हाक दिली, "अहो, जरा तो मिक्सर बंद करता का?"